आम्ही बोलायचे कधी? देशातील पीठासीन अधिकाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
देशातील सर्व राज्यांच्या विधानसभांचे सन्माननीय अध्यक्ष आणि विधान परिषदांचे सन्माननीय सभापती यांस,

महोदय, महोदया,

मी मुंबईत परळला राहते आणि गेली सतरा वर्षे काही कामगार संघटनांसाठी एकच काम करते. देशातल्या कोणत्या राज्याच्या विधिमंडळाचे अधिवेशन कधी भरते, त्यात श्रमिकांशी संबंधित कोणते विधेयक येते, ते कोणत्या राज्याच्या कायद्यावरून बेतलेले आहे आणि पुढे कुठे जाण्याची चिन्हे आहेत, याची मी नोंद ठेवते. सुरुवातीला ही नोंद लाल कापडी पुठ्ठ्याच्या जमाखर्चाच्या वहीत होती, आता ती संगणकावर आहे. रकाने मात्र तेच आहेत : राज्य, अधिवेशनाच्या तारखा, विधेयक क्रमांक, पुरःस्थापनेचा, म्हणजे विधेयक सभागृहात मांडल्याचा, दिवस, मंजुरीचा दिवस, राजपत्राची तारीख. यांपैकी सर्वांत जास्त वेळा कोरा राहतो तो तारखांचा रकाना. अधिवेशन सुरू होऊन गेल्यावर तो भरता येतो, पण तेव्हा त्याचा उपयोग संपलेला असतो.

काही दिवसांपूर्वी दादरला कामगारांची एक बैठक झाली. तिथे अंबरनाथच्या कारखान्यातल्या एका तरुणाने मला विचारले, "ताई, बारा तासांचा कायदा आपल्याकडे येणार आहे का, आणि येणार असेल तर आम्ही बोलायचं कधी?" प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर माझ्या नोंदींत होते. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती करून बारा तासांच्या पाळीला वाट करून दिली. तामिळनाडूच्या विधानसभेने २१ एप्रिल २०२३ रोजी तशीच दुरुस्ती संमत केली, कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १ मे रोजी मुख्यमंत्र्यांनी ती मागे घेत असल्याचे जाहीर केले. गुजरातने जुलै २०२५ मध्ये त्यासाठी अध्यादेश, म्हणजे सभागृहाच्या मंजुरीआधीच लागू होणारा तात्पुरता कायदा, काढला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली. हे सगळे मी त्याला सांगू शकले. प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते माझ्याकडे नसणे ही माझ्या नोंदींची नव्हे, आपल्या सभागृहांची उणीव आहे, असे मला वाटते. म्हणून हे पत्र.

कायदे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, यात गैर काही नाही. महाराष्ट्राला तर त्याचा अभिमानच असायला हवा. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली आणि लावून धरली, ते वि. स. पागे आमच्या विधान परिषदेचे सभापती होते, म्हणजे आपल्यापैकीच एक. त्या कल्पनेचा १९७७ साली राज्याचा कायदा झाला आणि २००५ साली ती देशाच्या कायद्यात उतरली. माहितीच्या अधिकाराचेही तसेच : १९९७ मध्ये तामिळनाडू आणि गोवा, मग राजस्थान, कर्नाटक, महाराष्ट्र, आणि २००५ मध्ये संसद. राजस्थानने जुलै २०२३ मध्ये ॲपवर काम करणाऱ्या गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. त्यातली मंडळाची आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क घेण्याची रचना वाचताना मला आमचा १९६९ चा माथाडी कायदा आठवला. पुढे २०२५ मध्ये कर्नाटकाने आधी अध्यादेश आणि मग कायदा केला, झारखंडने विधेयक मंजूर केले. परीक्षेतील पेपरफुटीविरुद्धचे कायदे राजस्थान, गुजरात, उत्तराखंड, झारखंड असे फिरत २०२४ मध्ये केंद्राकडे पोहोचले. महिलांच्या खात्यात दरमहा रक्कम जमा करण्याच्या योजना पश्चिम बंगाल, मध्य प्रदेश, कर्नाटक, तामिळनाडू असा प्रवास करत २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' म्हणून आमच्या दारात आल्या.

हा प्रवास सरकारांना दिसतो, कारण त्यांचे अधिकारी शेजारच्या राज्यात अभ्यासदौऱ्यावर जातात. मोठ्या कंपन्यांनाही तो दिसतो, कारण प्रत्येक राजधानीत डोळे लावून बसणारा माणूस त्यांना परवडतो. हमालाला, घरकामगार बाईला, अंबरनाथच्या त्या तरुणाला तो दिसत नाही. त्यांना कायदा दिसतो तो थेट अंमलबजावणीच्या दिवशी. विधेयक मांडले जाणे आणि ते मंजूर होणे, यांच्यामधला जो काळ असतो तेवढाच नागरिकाचा असतो. त्याआधी मसुदा मंत्रालयात असतो, त्यानंतर तो कायदा झालेला असतो. हा मधला काळ आपल्या सभागृहांत जवळपास उरलेलाच नाही, ही माझी मूळ तक्रार आहे.

तारखांपासून सुरुवात करते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ नुसार दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर असता कामा नये. मूळ घटनेत सभागृह वर्षातून किमान दोनदा बोलवावे, असेही शब्द होते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत ते गेले आणि सहा महिन्यांची अट तेवढी राहिली. आता बहुतेक ठिकाणी ही कमाल मर्यादाच वेळापत्रक होऊन बसली आहे. हरियाणाच्या मागच्या विधानसभेची बैठक १३ मार्च २०२४ रोजी झाली आणि सहा महिने भरत आले तेव्हा, १२ सप्टेंबरला, पुन्हा बैठक घेण्याऐवजी विधानसभाच विसर्जित करण्यात आली. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या, न्यायमूर्ती व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००२ मध्ये सत्तरहून कमी सदस्यांच्या सभागृहाने वर्षाला किमान ५० दिवस आणि त्याहून मोठ्या सभागृहाने किमान ९० दिवस बसावे, अशी शिफारस केली होती. आपल्याच, म्हणजे देशभरच्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या, २०१६ च्या गांधीनगरच्या परिषदेत साठ दिवसांची गोष्ट झाली. राज्यांच्या कामकाजाचा दरवर्षी आढावा घेणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये राज्यांच्या विधानसभा सरासरी २२ दिवस बसल्या आणि २०२४ मध्ये २०. शाळेत इतकी हजेरी भरली तर मुलाला परीक्षेला बसू देत नाहीत.

अर्थात केवळ दिवसांच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. २०२१ मध्ये केरळची विधानसभा देशात सर्वाधिक म्हणजे ६१ दिवस बसली आणि त्याच वर्षी सर्वाधिक, १४४ अध्यादेशही केरळनेच काढले. कर्नाटकाने तर २००५ मध्ये वर्षाला किमान साठ दिवस बैठका घेण्याचा कायदाच केला आहे, आणि तो पाळला जात नाही. त्यामुळे दिवस वाढवा, एवढीच मागणी करून मी थांबणार नाही. दिवस कमी असले तरी ते कोणते, हे आधी कळले पाहिजे. आज एखाद्या राज्यात अधिवेशनाची तारीख मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर वार्ताहरांकडून कळते, कधी आठवड्याच्या तर कधी दोन-चार दिवसांच्या अंतराने. महाराष्ट्राची स्थिती त्या मानाने बरी : अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, आणि १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून हिवाळी नागपुरात, हा क्रम तरी सर्वांना ठाऊक असतो. (नागपूरच्या अधिवेशनाच्या बातम्या हुरड्याने सुरू होतात आणि मोर्च्याने संपतात, ही गंमत सोडून देऊ.) पण त्या मोर्च्यांचेच पाहा. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवलेल्या मोर्च्यातली माणसे ज्या विधेयकाविरुद्ध घोषणा देत असतात, ते कधी कधी त्याच दुपारी आत मंजूर होऊन गेलेले असते, आणि हे त्यांना बंदोबस्तावरचा हवालदार सांगतो.

इथून मी वेळेच्या दुसऱ्या मुद्द्यावर येते, आणि माझ्या दृष्टीने हाच सर्वांत गंभीर आहे. पीआरएस संस्थेच्याच नोंदीनुसार २०२३ मध्ये राज्यांतील ४४ टक्के विधेयके मांडली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मंजूर झाली. म्हणजे जवळपास निम्म्या विधेयकांच्या बाबतीत, सकाळी वर्तमानपत्रात वाचून कोणी आपल्या आमदाराला फोन करेपर्यंत आवाजी मतदान उरकलेले होते. आमदार तरी ते वाचतात कधी, हा प्रश्न मी विचारणार नाही. तो त्यांनी स्वतःला विचारावा.

याउलट काय घडू शकते, याचे उदाहरण माझ्याच राज्यात आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये प्रथम आले, डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात पुन्हा मांडले गेले, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि जुलै २०२५ मध्ये संमत झाले. मधल्या काळात समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या आणि मसुद्याच्या शब्दांत काही बदलही झाले. त्या कायद्याविषयी माझे मत काय, हा या पत्राचा विषय नाही. मुद्दा असा की मजकूर आणि मुदत हातात आली, तेव्हा हजारो लोकांनी बसून कलमे वाचली आणि लिहून पाठवले. लोकांना कायद्यांत रस नसतो, असे जे आपल्या सचिवालयांतून अनेकदा ऐकू येते, ते त्या बारा हजार कागदांसमोर टिकत नाही. केंद्राने २०१४ मध्ये विधेयकाचा मसुदा निदान तीस दिवस जनतेसमोर ठेवण्याचे धोरण मंत्रालयांसाठी ठरवले. ते कितपत पाळले जाते, हा भाग वेगळा. पण निदान कागदावर ते आहे, आणि ते राज्यांना लागू नाही.

आता स्वतःचा एक अनुभव सांगते. राज्याचे नाव घेत नाही, कारण असे कुठेही झाले असते. एका राज्यात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांच्या नोंदणीविषयी दुरुस्ती विधेयक आल्याचे मला एका ओळीच्या बातमीतून कळले. आमच्या संघटनेचे दीडशेच्या वर सभासद त्या राज्याच्या हद्दीतल्या गोदामांत काम करतात. मी तिथल्या विधिमंडळ सचिवालयाला फोन केला. विधेयकाच्या प्रती फक्त सदस्यांना देतो, असे उत्तर मिळाले. विधेयक एकदा सभागृहात मांडले की ते जाहीरच झाले ना, असे मी विचारले, तर पलीकडच्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने सांगितले, "मॅडम, मंजूर झालं की राजपत्रात येईलच." ते तिसऱ्या दिवशी मंजूर झाले. राजपत्र माझ्या हाती लागले तेव्हा दोन महिने उलटले होते, आणि दरम्यान नोंदणीच्या नव्या अर्जाची मुदतही संपली होती. माहिती अधिकारात मी चर्चेचा वृत्तांत मागितला, तेव्हा तो ग्रंथालयात छापील स्वरूपात पाहता येईल, असे कळवण्यात आले. ग्रंथालय त्या राज्याच्या राजधानीत, आणि मी परळला. त्या सभासदांपैकी बऱ्याच जणांची नोंदणी पुढे वर्षभर लटकून राहिली. त्यांच्यापैकी एकाने मला दोष दिला आणि मी तो ऐकून घेतला. त्याला मी काय सांगणार होते?

जिथे मजकूर मिळतो, तिथेही तो पुष्कळदा कागदाचा फोटो काढून चढवलेला असतो. त्यात एखादा शब्द शोधता येत नाही, डोळ्यांनी पाने चाळावी लागतात. भाषेचा प्रश्न तर आहेच. प्रत्येक राज्याने आपल्या भाषेत कायदा करावा, हे मला मनापासून मान्य आहे; मराठीत विधेयक आले नाही तर भांडणाऱ्यांत मी पहिली असेन. पण अनुच्छेद ३४८ प्रमाणे राजपत्रात प्रसिद्ध व्हायचा इंग्रजी पाठ जर महिनोन्‌महिने रेंगाळला, तर मुंबईतल्या माणसाने तेलुगू किंवा ओडिया विधेयक वाचायचे कसे?

अध्यादेशांविषयी फार लिहीत नाही, पण एका माणसाची आठवण दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा बिहारची राजपत्रे चाळत बसले. १९६७ ते १९८१ या काळात त्या राज्याने २५६ अध्यादेश काढले आणि त्यांपैकी ६९ पुन्हा पुन्हा जारी करून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले, हे त्यांनी मोजून दाखवले. सरकारचे म्हणणे होते की या प्राध्यापकांचा याच्याशी संबंध काय. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ च्या निकालात, घटनेनुसार केलेल्या कायद्यांनीच आपल्यावर राज्य व्हावे, असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे मान्य केले, सरसकट पुन्हा अध्यादेश काढण्याची प्रथा गैर ठरवली आणि दावा चालवल्याच्या खर्चापोटी त्यांना दहा हजार रुपये द्यायला बिहार सरकारला सांगितले. माझ्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्यांचे ते थोर पूर्वज. पण ते हे करू शकले, कारण राजपत्रे त्यांच्या हाती लागली. आज एखाद्या राज्यात चालू वर्षी किती अध्यादेश निघाले, त्यांपैकी किती सभागृहापुढे आले आणि किती पुन्हा काढले गेले, हे एका जागी पाहायचे म्हटले तर तो वाधवांइतकाच चिकाटीचा उद्योग होऊन बसतो.

मंजुरीनंतर विधेयकाचे काय होते, हेही असेच अंधारात राहते. महिलांवरील अत्याचारांना कठोर शिक्षा देणाऱ्या आंध्र प्रदेशाच्या 'दिशा' विधेयकाचा अभ्यास करून महाराष्ट्राने 'शक्ती' विधेयक आणले, ते डिसेंबर २०२० मध्ये मांडले, संयुक्त समितीकडे दिले आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केले. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले आणि कायदा म्हणून कधी अमलात आले नाही. पण आजही एखाद्या महिला मंडळात गेले की कोणीतरी "शक्ती कायदा लागू आहे ना?" असे विचारतेच. त्या बाईची चूक नाही. मंजूर झाल्याच्या बातमीनंतर तिला पुढचे कोणी सांगितलेच नाही.

आपण म्हणाल की अधिवेशन बोलावणे हे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपालांचे काम आहे, राजपत्र काढणे सरकारचे काम आहे, आमच्याकडे का येता? कारण सभागृहात कोणता विषय कधी घ्यायचा हे ठरवणाऱ्या कामकाज सल्लागार समितीचे अध्यक्षपद आपल्याकडे असते, सचिवालय आपल्या अखत्यारीत असते आणि विधेयकाची प्रत पुरेशी आधी देण्याचा नियम शिथिल करायचा झाल्यास परवानगीही बहुतेक ठिकाणी आपलीच लागते. शिवाय साधनांची उणीव नाही. हिमाचल प्रदेशची विधानसभा २०१४ मध्येच कागदविरहित झाली. सर्व विधिमंडळे एकाच संगणकीय व्यवस्थेवर आणण्यासाठी 'नेवा' हा ६७३.९४ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला आणि मार्च २०२२ मध्ये नागालँडने त्यावर संपूर्ण कामकाज चालवून दाखवले. आपल्या परिषदेला शंभर वर्षे झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२१ मध्ये, सिमल्याला देशासाठी एका सामाईक विधिमंडळ व्यासपीठाची कल्पना पंतप्रधानांनी मांडली. जानेवारी २०२४ मध्ये आपली चौऱ्याऐंशीवी परिषद आमच्याच विधान भवनात भरली. नरीमन पॉइंटचे रस्ते त्या दिवसांत अडवलेले होते, ते आम्ही आनंदाने सहन केले. सदस्यांच्या बाकांवर आता टॅब्लेट आले आहेत. त्या टॅब्लेटवर जे विधेयक सदस्याला दिसते, तेच त्याच क्षणी मतदाराला दिसायला वेगळा पैसा लागत नाही, फक्त आपली आज्ञा लागते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक विधिमंडळाने वर्षाच्या आरंभी त्या वर्षातील अधिवेशनांच्या संभाव्य तारखा जाहीर कराव्यात. बदल झाल्यास तो कारणासह कळवावा. कोणतेही विधेयक पुरःस्थापित होताच, उद्देश व कारणांच्या निवेदनासह, शब्द शोधता येईल अशा स्वरूपात, राज्यभाषेत आणि इंग्रजीत, त्याच दिवशी जनतेसाठी खुले करावे. सरकारी खर्चाला मंजुरी देणारी विनियोजन विधेयके वगळता पुरःस्थापना आणि चर्चा यांत किमान सात दिवसांचे अंतर असावे, आणि पीठासीन अधिकाऱ्यांनी ते शिथिल केल्यास त्याचे कारण कामकाजात लेखी नोंदवावे. सात दिवस ही फार मोठी मागणी नाही. आमच्या चाळीत पाण्याची टाकी धुवायची असली तरी आठवडाभर आधी फळ्यावर लिहितात. कामगार, जमीन, निवारा आणि नागरिकांची अटक यांच्याशी संबंधित विधेयके समितीकडे पाठवण्याची प्रथा पाडावी. केरळमध्ये १९८० पासून विषय समित्या आहेत, त्यांच्या गुणदोषांवरून शिकता येईल. प्रत्येक विधेयकाची एक नोंद असावी, जिच्यात ते मांडल्यापासून राज्यपाल किंवा राष्ट्रपतींची संमती, राजपत्र, अंमलाचा दिवस आणि नियम होईपर्यंतची प्रत्येक तारीख दिसेल. अध्यादेशांची चालू यादी तिच्या शेजारीच असावी.

हे पत्र मी सर्व सचिवालयांना टपालानेही पाठवत आहे. आपल्या पुढच्या परिषदेच्या विषयपत्रिकेवर यांपैकी निदान पुरःस्थापनेच्या दिवशी मजकूर खुला करण्याचा आणि सात दिवसांच्या अंतराचा विषय घ्यावा, आणि घेणार नसाल तर तसे कळवावे, ही विनंती. उत्तर आपण आपापल्या सभागृहात दिलेत तरी मला चालेल. फक्त ते कोणत्या दिवशी देणार, हे आधी कळू द्यावे.

आपली विश्वासू,
अधिवेशनांची नोंद ठेवणारी एक कार्यकर्ती
परळ, मुंबई